मे महिन्याची सुट्टी आणि आफ्रिकेची सफारी : तिकीट काढण्याआधी तिथला पाऊस बघा

परीक्षा उरकत आल्या की बेळगाव, खानापूर, मडगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या घरांत एकच विषय सुरू होतो, यंदा सुट्टीत कुठे जायचं? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं. कोकण, उटी, फार तर सिमला-मनाली. आता दुबई-सिंगापूर झालेली कुटुंबं केनिया-टांझानियाच्या सफारीची चौकशी करतात. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे आणि प्रवास साधारण सहा तासांचा. एजंटकडे भाव विचारला तर मे महिन्याचं पॅकेज ऑगस्टपेक्षा बरंच उतरलेलं दिसतं. मुलांना सुट्टी आहे, भावही कमी आहे, मग अडतंय कुठे?

अडतं ते पावसात. पूर्व आफ्रिकेत मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा हंगाम असतो. पॅकेज स्वस्त असतं ते त्याचमुळे. ही गोष्ट आधी कळली तर स्वस्ताईचा फायदा डोळसपणे घेता येतो. नाहीतर आयुष्यभराची पुंजी खर्चून गेलेलं कुटुंब चिखलात रुतलेल्या गाडीत बसून राहतं. म्हणून ठिकाण ठरवण्याआधी महिना ठरवायला हवा. आणि महिना हातात नसेल, सुट्टी मेमध्येच मिळणार असेल, तर मग ठिकाण बदलायला हवं.

आपल्या जंगलाचा नियम तिथे का चुकतो?

ताडोबा, कान्हा, बांदीपूर किंवा दांडेलीला जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट पाठ असते. वाघ बघायचा तर एप्रिल-मे. झाडांची पानं गळलेली असतात, नाले आटलेले असतात, जनावर पाणवठ्यावर येतं आणि दिसतं. पाऊस सुरू झाला की बहुतेक व्याघ्रप्रकल्पांचा गाभ्याचा भाग बंदच होतो. त्यामुळे 'सफारी म्हणजे मे' हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

मूळ नियम आफ्रिकेतही तोच आहे. कोरडा हंगाम, कमी गवत, मोजके पाणवठे, जास्त प्राणी. फरक फक्त पंचांगाचा आहे. आपला कोरडा हंगाम मेमध्ये शिगेला पोचतो, तेव्हा केनियात पाऊस पडत असतो. आणि जुलैत आंबोली-चोर्ल्याला धो धो पाऊस कोसळत असतो, तेव्हा मसाई मारातलं गवत वाळायला लागलेलं असतं.

वर्षातून दोनदा पाऊस कसा?

मसाई मारा विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावरून जातो आणि त्याच्या मागोमाग ढगांचा पट्टाही सरकतो. हा पट्टा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना मार्च ते मे या काळात पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस देतो. परत दक्षिणेकडे येताना ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत छोटा पाऊस देतो. टांझानियात या दोन पावसांना 'मसिका' आणि 'वुली' अशी नावंच आहेत.

म्हणजे वर्षाचे चार तुकडे पडतात. जानेवारी-फेब्रुवारी हा छोटा कोरडा हंगाम, मार्च ते मे मोठा पाऊस, जून ते ऑक्टोबर मोठा कोरडा हंगाम आणि नोव्हेंबर-डिसेंबर छोटा पाऊस. अर्थात आकाश कॅलेंडर वाचून वागत नाही. मारा भागात कोरड्या महिन्यांतही दुपारची एखादी सर येऊन जाते. उलट पावसाळ्यातही चार-चार दिवस लख्ख ऊन पडतं.

छोटा पाऊस सहसा त्रास देत नाही. दुपारी गडगडाट होतो, तासाभरात उघडतं, संध्याकाळची फेरी होऊन जाते. मोठ्या पावसाची गोष्ट वेगळी. मारातली बरीच जमीन काळ्या मातीची आहे. ही माती भिजली की काय होतं हे बेळगाव-धारवाडकडच्या किंवा माळव्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. चाक फिरत राहतं, गाडी जागची हलत नाही. काही कॅम्प तर एप्रिल-मेमध्ये सरळ बंद ठेवतात आणि डागडुजी उरकून घेतात.

२०२४ च्या एप्रिल-मेमध्ये केनियात मोठे पूर आले होते. मसाई मारातली तालेक नदी पात्राबाहेर पडली, काठावरच्या कॅम्पमध्ये पाणी शिरलं आणि अडकलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. दरवर्षी असं होत नाही. पण नदीकाठचा तंबू स्वस्तात मिळतोय म्हणून मेमध्ये बुक करणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

कळप कुठल्या महिन्यात कुठे असतो?

पूर्व आफ्रिकेला जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं. हजारो वाइल्डबीस्ट नदीत उड्या टाकताहेत आणि खाली मगरी टपून बसल्या आहेत. वाहिन्यांवर हे इतक्यांदा दाखवलं जातं की वर्षभर रोज तिथे हेच चालतं असं वाटावं. प्रत्यक्षात हा कळप वर्षभर फिरत असतो आणि नदीचा भाग त्यातला काही महिन्यांचाच असतो.

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान टांझानियात आहे, क्षेत्र १४,७६३ चौरस किलोमीटर. मसाई मारा त्याच्या उत्तरेला, केनियात. क्षेत्र साधारण १,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे सेरेंगेटीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढं. दोन्ही मिळून गवताचा एकच प्रदेश आहे, मध्ये देशाची सीमा आहे एवढंच. त्यात तेरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखोंनी झेब्रे आणि हरणं फिरतात.

ते का फिरतात? गवत आणि पाणी यांच्यासाठी. सेरेंगेटीच्या दक्षिणेच्या मैदानांवर जुन्या ज्वालामुखींची राख पसरलेली आहे. तिथलं आखूड गवत कॅल्शियम आणि फॉस्फरसने भरलेलं असतं, दुभत्या आईला आणि वाढत्या पिल्लाला हवं तसं. पण तिथे पाऊस कमी, वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर. पाऊस थांबला की ते मैदान वाळून जातं आणि पाणीही संपतं. उत्तरेला मारा नदीच्या बाजूला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि नदी बारमाही आहे. म्हणून ओल्या दिवसांत कळप दक्षिणेला आणि कोरड्या दिवसांत उत्तरेला. आपल्याकडचे धनगर मेंढरं घेऊन पावसाच्या हिशोबाने मुलूख बदलतात, तसंच हे.

महिन्यांच्या हिशोबाने पाहिलं तर :

डिसेंबर ते मार्च : कळप दक्षिण सेरेंगेटी आणि एन्डुटू भागात. फेब्रुवारीच्या आसपासच्या दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्माला येतात. पिल्लू जन्मल्यावर काही मिनिटांत उभं राहतं. राहावंच लागतं, कारण सिंह, चित्ते आणि तरस आसपासच असतात. शिकार बघायची असेल तर हे दिवस नदीच्या दिवसांपेक्षा कमी नाहीत.

एप्रिल-मे : मोठा पाऊस. कळप मध्य सेरेंगेटीतून वायव्येकडे सरकतो. गवत उंच, रस्ते वाईट, गर्दी अजिबात नाही.

जून : कळप सेरेंगेटीच्या पश्चिम पट्ट्यात, ग्रुमेटी नदीच्या बाजूला.

जुलै ते ऑक्टोबर : उत्तर सेरेंगेटी आणि मसाई मारा. मारा नदी ओलांडण्याचे दिवस हेच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याला जोर असतो.

नोव्हेंबर : छोटा पाऊस सुरू झाला की परत दक्षिणेकडे.

यातून निघणारा साधा धडा असा की फेब्रुवारीत 'मायग्रेशन बघायचंय' म्हणून केनियातल्या मसाई माराचं बुकिंग करणारा माणूस चुकतो. तेव्हा कळप टांझानियात, पार दक्षिणेला असतो. तसंच ऑगस्टमध्ये दक्षिण सेरेंगेटीत मुक्काम ठेवणाऱ्याला कळपाऐवजी मोकळं वाळलेलं मैदान दिसतं. पॅकेजच्या कागदावर नुसतं 'सेरेंगेटी' लिहिलेलं असेल तर कुठला भाग, हे विचारलंच पाहिजे.

जनावरांना या सीमेवर पासपोर्ट लागत नाही. माणसांना मात्र मारातून थेट सेरेंगेटीत उतरता येत नाही. पर्यटकांना वळसा घालून इसेबानिया किंवा नमांगासारख्या नाक्यावरूनच जावं लागतं. नकाशात शेजारी दिसणारी दोन ठिकाणं गाडीने अख्खा दिवस खातात.

नदी ओलांडण्याची तारीख कुणीही देऊ शकत नाही

'आमच्या टूरमध्ये रिव्हर क्रॉसिंग गॅरंटीड' असं कुणी सांगितलं तर सावध व्हावं. कळप काठावर येतो, तासन् तास उभा राहतो, पुढचं जनावर पाय घालतं, काढतं आणि सगळे मागे फिरतात. कधी दिवसात दोन-तीनदा ओलांडतात, कधी चार दिवस काहीच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणाऱ्याने मारा नदीजवळ निदान तीन रात्री ठेवल्या तर संधी वाढते, पण संधीच. एका रात्रीच्या मुक्कामात हे दिसणं म्हणजे नशीब.

शिवाय गर्दी. या दोन महिन्यांत नदीच्या काठावर गाड्यांची रांग लागते. ज्यांना शांतपणे जंगल बघायचंय त्यांना हे आवडेलच असं नाही. आणि हे विसरू नये की मारातले सिंह, बिबटे, चित्ते, हत्ती, जिराफ, पाणघोडे कळपाबरोबर निघून जात नाहीत. ते तिथले कायमचे रहिवासी. वाइल्डबीस्ट नसताना गेलं तर जंगल रिकामं असतं, हा गैरसमज आहे.

हंगाम बदलला की खिसा किती बदलतो?

मसाई मारा अभयारण्याचं प्रवेशशुल्क २०२४ पासून हंगामाप्रमाणे दोन प्रकारचं झालं आहे. परदेशी प्रौढ माणसाला १ जानेवारी ते ३० जून दिवसाला १०० डॉलर, १ जुलै ते ३१ डिसेंबर दिवसाला २०० डॉलर. हे फक्त आत जाण्याचं. गाडी, मुक्काम, जेवण वेगळं.

नवरा-बायको तीन दिवस अभयारण्यात फिरणार असतील तर जूनमध्ये ६०० डॉलर आणि जुलैत १,२०० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी फरक ५१ हजार रुपयांचा. कॅम्पचे भावही जुलै ते ऑक्टोबर आणि नाताळच्या आठवड्यात चढलेले असतात.

या तक्त्यात दोन गमतीच्या जागा आहेत. नोव्हेंबरमध्ये पाऊस असतो, कळप परतलेला असतो, पण शुल्क मात्र २०० डॉलरच. आणि जूनमध्ये मोठा पाऊस ओसरलेला असतो, धूळ अजून उडत नसते, सगळीकडे हिरवं असतं आणि शुल्क १०० डॉलर. गवत उंच असल्याने प्राणी शोधायला थोडा वेळ लागतो आणि मोठा कळप अजून मारात पोचलेला नसतो, पण बाकी सगळं जमून येतं.

पॅकेजचे भाव ताडून बघताना शुल्क धरलं आहे की नाही, हे आधी विचारावं. 'पार्क फी वेगळी' ही बारीक ओळ शेवटच्या पानावर असते.

मेमध्येच जायचं असेल तर?

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांची खरी अडचण हीच. मुलांच्या शाळा, नोकरीतली रजा, सगळं एप्रिल-मेवर येऊन थांबतं. त्यांच्यासाठी उत्तर आफ्रिकेतच आहे, फक्त आणखी दक्षिणेला.

दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, नामिबिया या देशांत पाऊस एकदाच येतो आणि तो त्यांच्या उन्हाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मेमध्ये तिथे हिवाळा सुरू होतो आणि तो कोरडा असतो. म्हणजे केनियात गाड्या रुतत असतात त्याच दिवसांत क्रूगरमध्ये पानं गळत असतात आणि पाणवठे आटत असतात.

क्रूगर राष्ट्रीय उद्यान जवळपास २०,००० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे गोवा राज्याच्या पाचपटीहून मोठं. १८९८ मध्ये साबी अभयारण्य म्हणून सुरुवात झाली आणि १९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. मुख्य रस्ते डांबरी आहेत, स्वतःची भाड्याची गाडी घेऊन फिरता येतं आणि तिथेही आपल्यासारखी डाव्या बाजूनेच गाडी चालवतात. त्यामुळे कुटुंबाला खर्च आटोक्यात ठेवता येतो. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस हे पाचही प्राणी इथे आहेत. प्राणी बघण्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात चांगले, कारण तोवर सगळं वाळलेलं असतं. पण मेही चांगलाच. जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत तिथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा आतली विश्रामगृहं भरून जातात. मेमध्ये ती गर्दी नसते.

बोत्स्वानातल्या ओकावांगो त्रिभुज प्रदेशाची गंमत वेगळीच. तिथे कोरड्या हंगामात पूर येतो. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरांत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला. ते पाणी शेकडो किलोमीटर सपाट जमिनीवरून सावकाश सरकत जून ते ऑगस्टच्या सुमाराला ओकावांगोत पसरतं. ही नदी समुद्राला मिळतच नाही, वाळवंटात जिरून जाते. आजूबाजूला सगळं कोरडं आणि मध्ये पाणी, म्हणून प्राणी तिकडे गोळा होतात. २०१४ मध्ये हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. मात्र इथला मुक्काम महाग असतो.

व्हिक्टोरिया धबधबाही जोडायचा असेल तर मे उत्तम. एप्रिलच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त असतं, इतकं की तुषारांत धबधबाच नीट दिसत नाही. मेमध्ये जोर असतो आणि दिसतंही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूचा बराच कडा उघडा पडतो. हत्तींसाठी प्रसिद्ध चोबे उद्यान तिथून साधारण ८० किलोमीटरवर.

आपल्या सुट्ट्यांचा मेळ

राज्य बदललं की शाळेचं कॅलेंडर बदलतं. त्यामुळे एकच सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी : कर्नाटकातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत. जून हातात नाही. मेचा दुसरा पंधरवडा आणि क्रूगर हा मेळ चांगला. केनियाच करायचं असेल तर दसऱ्याची सुट्टी बघावी. दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला तर मारात कळप सहसा असतो.

महाराष्ट्र, इंदूर-ग्वाल्हेर, बडोदा : शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात. जूनचे पहिले दिवस मारासाठी वापरता येतात, तेही निम्म्या शुल्कात. बडोद्यात दिवाळीची सुट्टी चांगली तीन आठवड्यांची असते. दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल तर केनियाचा विचार करावा, नोव्हेंबरच्या मध्यावर असेल तर पाऊस धरूनच जावं.

गोवा : नाताळच्या सुट्टीत जाणारे बरेच. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छोटा पाऊस संपत आलेला असतो आणि हवा छान असते, पण भाव चढलेले असतात. ऑगस्ट-सप्टेंबरचं नाव काढलं की घरचे म्हणतील, चवथीला घर सोडून आफ्रिकेत? तो प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. गोव्याच्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा ब्रिटिशांच्या काळात नैरोबी-मोंबासात कारकुनी करून आलेले आहेत, त्यांच्यासाठी या प्रवासाला आणखी एक अर्थ असतो.

निवृत्त मंडळी आणि मुलं मोठी झालेली जोडपी : यांना सुट्टीचं बंधन नाही. यांनी मे-जूनच्या मागे लागूच नये. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा. कडाक्याची थंडी नाही, गर्दी कमी, दक्षिण सेरेंगेटीत पिल्लांचे दिवस आणि अँबोसेलीत हत्तींच्या मागे किलिमांजारो उघडा दिसण्याची संधी जास्त. पक्षी बघणाऱ्यांसाठीही हेच दिवस, कारण युरोपातून आलेले पाहुणे पक्षी नोव्हेंबर ते एप्रिल तिथे असतात.

लस विसरलात तर घरी येताना अडाल

केनिया हा पिवळ्या तापाच्या, म्हणजे यलो फिव्हरच्या यादीतला देश आहे. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. भारतातून थेट जाणाऱ्याला तिकडे जाताना सहसा कुणी अडवत नाही, पण परत येताना आपलं सरकार लसीचं प्रमाणपत्र मागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या ठराविक केंद्रांवरच मिळते आणि आधी नाव नोंदवावं लागतं. गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात, तसंच मुंबई, पुणे, बंगळूर इथे केंद्रं आहेत. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, त्यामुळे जाण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. नऊ महिन्यांखालच्या बाळांना ती देत नाहीत. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर बायकांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. आजी-आजोबांना घेऊन जायचं ठरत असेल तर तिकिटाआधी ही चौकशी करावी.

दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना आणि नामिबिया या यादीत नाहीत. पण तिथे जाताना विमान नैरोबी किंवा अदिस अबाबाला बदलणार असेल, तर प्रमाणपत्राचा प्रश्न येऊ शकतो. तिकीट काढण्याआधी विमान कुठून जातं ते बघावं.

मलेरिया मारा-सेरेंगेटीत आहे. क्रूगर भागात त्याचा धोका पावसाळ्यात जास्त आणि कोरड्या थंडीत कमी. गोळ्या कुठल्या आणि कधीपासून, हे डॉक्टरच सांगतील.

कागदपत्रांत केनियाला जाण्याआधी ऑनलाइन ईटीए काढावा लागतो. टांझानियाचा व्हिसा वेगळा. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून असलेल्या व्हिसात टांझानिया येत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाला वेळ लागतो, म्हणून मेच्या सहलीची तयारी फेब्रुवारीतच सुरू करावी. मुलांचे जन्मदाखले जवळ ठेवावेत.

आफ्रिका म्हणजे उकाडा नव्हे

मसाई मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावर आहे. जुलै-ऑगस्टच्या पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. एन्गोरोंगोरोच्या काठावर, २,३०० मीटरच्या आसपास, त्याहून जास्त गारठा. क्रूगरमध्ये मे ते जुलै पहाटेच्या उघड्या जीपमध्ये वारा हाडांत शिरतो. स्वेटर, टोपी, मफलर घ्यावेतच. दुपारी मात्र सुती कपडे लागतात.

नैरोबीहून मारा गाडीने पाच-सहा तास, छोट्या विमानाने पाऊण तास. छोट्या विमानात सामान साधारण १५ किलोच आणि तेही मऊ पिशवीत. मोठ्या कडक सुटकेसा चालत नाहीत. आणि चिवडा-लाडू बांधून नेणाऱ्यांसाठी एक सूचना : केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. फराळ डब्यात किंवा कापडी पिशवीत न्यावा. शाकाहारी जेवणाची काळजी फारशी नको. पूर्व आफ्रिकेत भारतीय वस्ती जुनी आहे, चपाती हा शब्द तर तिथल्या स्वाहिलीतच मिसळून गेला आहे. फक्त कॅम्पला आधी कळवून ठेवावं.

पैसे भरण्याआधी पाच प्रश्न

एजंट गावातला ओळखीचा असो की मुंबईचा मोठा, पैसे भरण्याआधी हे विचारावं. आम्ही जातोय त्या आठवड्यात तिथे पाऊस असतो का? त्या दिवसांत कळप कुठे असतो आणि आमचा मुक्काम तिथून किती लांब? पार्क फी धरली आहे का? गाडी फोर बाय फोर आहे की साधी व्हॅन, आणि प्रत्येकाला खिडकी मिळते का? पावसाने रस्ता बंद झाला तर काय करणार आणि पैशांचं काय?

या प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा एजंट मिळाला तर मे महिन्यातही फसगत होत नाही. पावसात कमी भावात, गर्दीशिवाय, हिरवंगार जंगल बघायला जाणारेही लोक आहेत आणि ते खूश होऊन येतात, कारण त्यांना काय मिळणार आणि काय मिळणार नाही, हे निघण्याआधीच ठाऊक असतं.